स्टेपनीची भाषा पुरे झाली

कोटेशनमधली एक ओळ दर वेळी खोडली जाते. चाकण असो, भोसरी असो की तळवडे, मध्यम आकाराच्या कारखान्यात नव्या सर्व्हरचं कोटेशन खरेदीच्या टेबलावर आलं की सर्व्हर मंजूर होतो, डिस्क मंजूर होतात, लायसन्सचे पैसेही कुरकुर करत का होईना मंजूर होतात. पेन येऊन थांबतं ते दुसऱ्या नेटवर्क स्विचवर आणि त्याच्यासोबतच्या जादा कार्डावर. ‘एक आहे ना? मग हे कशाला?’ एवढं विचारून ओळ कापली जाते. १९ वर्षं मी या पट्ट्यात सर्व्हर रूम उभ्या करतो आहे आणि ती आडवी रेघ बघून अजूनही तितकाच राग येतो. ओळ कापणारा माणूस वाईट नसतो, कंजूषही नसतो. त्याच्या डोक्यात एक मत घट्ट बसलेलं असतं, आणि ते आमच्याच धंद्यातल्या लोकांनी तिथे बसवलेलं असतं. माझं भांडण त्या मताशी आहे.

ते मत मी त्याच्याच भाषेत मांडतो. सर्व्हरला एक केबल पुरते, आजवर पुरली आहे. केबल म्हणजे काही बेअरिंग नव्हे की झिजेल. समजा बिघडलीच, तर कपाटात दुसरी ठेवलेली असते, गाडीला स्टेपनी असते तशी. पोरगा जाईल, बदलेल, दहा मिनिटांत काम चालू. फारच भीती वाटत असेल तर दोन केबल लावा आणि विषय संपवा, पण मग वेगही दुप्पट मिळाला पाहिजे. एकदा चालू झालं की पुन्हा हात लावू नका. बाकीचे सोपस्कार बँकांनी आणि क्लाउडवाल्यांनी करावेत, आपण पत्रा दाबणारी माणसं.

यातलं एकही वाक्य टिकत नाही. काही अर्धवट माहितीतून आली आहेत, काही आळसातून, आणि एक-दोन तर सरळ धोकादायक आहेत.

आधी ही केबल कसली ते सांगतो. पूर्वी एका कामाला एक यंत्र असायचं. ईआरपीचा सर्व्हर वेगळा, पगाराचा वेगळा, हजेरीचा वेगळा, ड्रॉइंगचा वेगळा, आणि प्रत्येकाची आपापली केबल. आता एका लोखंडी पेटीत असे पंधरा-वीस सर्व्हर व्हर्च्युअल मशीन म्हणून एकत्र नांदतात. त्यांना एकमेकांशी जोडणारा स्विचही पेटीच्या आतच, सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो व्हर्च्युअल स्विच. जुन्या पुण्यातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. आत वीस बिऱ्हाडं, मधला चौक सामाईक, आणि रस्त्यावर उघडणारा दिंडी दरवाजा एकच. चौक म्हणजे व्हर्च्युअल स्विच. दरवाजा म्हणजे अपलिंक, पेटीच्या पाठीमागून निघून रॅकमधल्या खऱ्याखुऱ्या स्विचला जाणारी केबल. दरवाजा अडकला तरी आत सगळे सुखरूप असतात, चुली पेटलेल्या असतात, पण एकालाही बाहेर पडता येत नाही. अपलिंक गेली तरी सर्व्हर बंद पडत नाहीत. ते आत चालूच असतात, फक्त कारखान्याला दिसेनासे होतात. म्हणून तर दुखणं ओळखायलाच वेळ लागतो.

‘आजवर पुरली’ हे वाक्य या फरकाकडे बघतच नाही. जेव्हा एका केबलवर एक सर्व्हर होता तेव्हा ती तुटली की फार तर पगाराची स्लिप उशिरा निघायची. आज त्याच जाडीच्या केबलमागे डिस्पॅच आहे, स्टोअर आहे, बारकोड आहे, गेटपास आहे. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. म्हणजे या पट्ट्यातले कितीतरी छोटे व्हेंडरसुद्धा त्यात आले. इन्व्हॉइसचा नंबर पोर्टलवरून आल्याशिवाय बिल पूर्ण होत नाही, ई-वे बिल नसेल तर आयशर भरून गेटवर उभी राहते. पार्टस तयार आहेत, गाडी तयार आहे, ड्रायव्हर चहा पिऊन बसला आहे, आणि माल बाहेर पडत नाही, कारण एका प्लॅस्टिकच्या क्लिपेची जीभ तुटून केबल सैल झाली. जबाबदारी वीसपट झाली, केबल एकच राहिली, आणि आपण मात्र जुन्या दिवसांचा दाखला देत राहिलो. हा दाखला कोणत्या हिशेबानं लागू पडतो?

‘आपण पत्रा दाबणारी माणसं’ हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. त्यात नम्रता आहे असं वाटतं, पण ती चुकीच्या जागी आहे. १ मार्च २०२२ रोजी टोयोटानं जपानमधले आपले सगळे १४ कारखाने, २८ लाईन, एक दिवस बंद ठेवले. कारण काय? कोजिमा नावाच्या, प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडरच्या कॉम्प्युटर यंत्रणेवर हल्ला झाला होता. सुमारे १३,००० गाड्यांचं उत्पादन त्या दिवशी बुडालं. तिथे कारण सायबर हल्ला होतं, केबल नव्हती, हे मान्य. पण वेळेवर माल पोचवण्याच्या पद्धतीत सर्वांत लहान दुव्याची यंत्रणा थांबली की सर्वांत मोठा दुवा थांबतो, हे त्या दिवशी जगानं पाहिलं. चाकणची पद्धत तीच आहे. इथल्या लाईनला सीट, बंपर, डॅशबोर्ड गाड्यांच्या क्रमानं लागतात, तासांच्या हिशेबानं लागतात. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळीतल्या शेडमधून निघालेला टेम्पो दोन तास उशिरा पोचला तर पुढे काय होतं आणि डेबिट नोट कुणाच्या नावावर येते, हे पत्रा दाबणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज नाही. बँकेचा सर्व्हर अर्धा तास थांबला तर गिऱ्हाईक परत येतं. लाईन थांबली तर तो अर्धा तास कुणीही परत देत नाही. मग ही काळजी जास्त कुणी घ्यायची?

भोसरीत दोन लेथ आणि एक कॉम्प्युटर असलेल्या वर्कशॉपला मी हे सांगत नाही. त्यांना खरोखर एक केबल पुरते. इतकीच सूट मी देतो.

आता स्टेपनी. ही उपमा इतकी सोयीची आहे की ती ऐकल्यावर कुणी पुढे विचार करत नाही. स्टेपनी केव्हा कामाला येते? गाडी थांबल्यावर. रस्त्याच्या कडेला घेऊन, जॅक लावून, नट सैल करून. म्हणजे स्टेपनी गृहीतच धरते की गाडी थांबली तरी चालेल. आणि ‘दहा मिनिटं’? तिसऱ्या पाळीत पावणेतीनला लेबल निघायचं बंद होतं. सुपरवायझर आधी प्रिंटर उघडतो, रोल बदलतो. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करतो. मग शेजारच्या स्टोअरला विचारतो, तिथेही बंद. मग आयटीच्या पोराला फोन. तो निगडीत झोपलेला. तो घरून आत शिरून बघायचा प्रयत्न करतो, पण घरून आत येण्याची वाट ज्या व्हर्च्युअल मशीनवर आहे तीही त्याच पेटीत अडकलेली. मग तो गाडी काढतो. सर्व्हर रूमची किल्ली सिक्युरिटीकडे, रजिस्टरवर सही. दार उघडल्यावर समोर एकाच निळ्या रंगाच्या ४८ केबल, लेबल कशालाच नाही. मी पाहिलेल्यांत सर्वांत चपळ पोराला सव्वा तास लागला होता, आणि तो रात्रीचा मोकळा रस्ता होता. दिवसा तळेगाव चौकात अडकला असता तर? दहा मिनिटं केबल बदलायला लागतात. केबल बदलायची आहे हे कळायला लागणारा वेळ या हिशेबात कुणीच धरत नाही.

या पट्ट्यातल्या माणसांसाठी योग्य उपमा स्टेपनीची नाहीच, ब्रेकची आहे. आणि ब्रेक आपल्याला शिकवावा लागत नाही, तो आपण बनवतो. गाडीच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन पिस्टन असतात आणि त्यातून दोन वेगळी सर्किट निघतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ती तिरकी विभागलेली असतात, एक पुढचं चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं. एका सर्किटचा पाईप फुटला तर पेडल खोल जातं, गाडी थांबायला अंतर जास्त लागतं, पण ती थांबते. कुणाला खाली उतरून पाईप बदलावा लागत नाही. वर तेलाची टाकी एक दिसते, पण तिच्या तळाशी मध्ये पडदा असतो, एका बाजूची गळती दुसऱ्या बाजूचं तेल नेऊ नये म्हणून. आणि तेल कमी झालं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. दोन सर्किट, मध्ये पडदा, वर दिवा: यातली एक गोष्ट जरी नसली तरी आपल्या तपासणीत तो ब्रेक नापास होईल. मग जी माणसं दिवसाला हजारो असे ब्रेक तपासून पुढे पाठवतात, त्यांच्या स्वतःच्या कारखान्याची सगळी माहिती एकाच पाईपवर का चालावी?

‘बरं, दोन केबल लावा आणि विषय संपवा’ हे म्हणणारे मला पहिल्या पक्षापेक्षा जास्त त्रास देतात. पहिल्याला निदान ठाऊक असतं की आपल्याकडे दुसरी वाट नाही. याला वाटतं की आहे.

मी पाहिलेली एक सर्व्हर रूम सांगतो. सर्व्हरला दोन केबल होत्या, व्हर्च्युअल स्विचवर दोन्ही ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून नोंदलेल्या, कागदावर सगळं चोख. दोन्ही केबल एकाच चार पोर्टच्या कार्डातून निघत होत्या. कार्ड गेलं की दोन्ही गेल्या. बोर्डावरचा एक पोर्ट आणि वेगळ्या कार्डावरचा एक पोर्ट घेतला असता तर खर्च एका रुपयानंही वाढला नसता. केबल पुढे एकाच स्विचमध्ये शेजारशेजारच्या भोकांत जात होत्या. त्या स्विचचं फर्मवेअर तीन वर्षं कुणी बदललं नव्हतं, कारण बदलायचं तर स्विच बंद करावा लागतो आणि तो बंद केला तर कारखाना बंद. नंतर दुसरा स्विच घेतला, आणि दोन्ही स्विचचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात, एकाच यूपीएसवर. ब्रेकच्या टाकीतला पडदा काढून टाकावा, तसं हे. दोन पाईप आहेत, तेल एकच आहे.

ही चूक किती स्वाभाविक आहे हे आपल्या भागानं स्वतः अनुभवलं आहे. ९ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे दाट धुकं आणि दंव पडलं, आणि महापारेषणच्या लोणीकंद व चाकण या ४०० केव्ही उपकेंद्रांशी जोडलेल्या अतिउच्चदाबाच्या वाहिन्या एकामागून एक ट्रिप झाल्या. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, वाघोली, सगळीकडची वीज गेली. वाहिन्या एकापेक्षा जास्त होत्या. धुकं मात्र एकच होतं आणि ते सगळ्यांवर पसरलं होतं. सर्व्हर रूममध्ये दुसरी केबल ओढताना विचारायचा प्रश्न हाच असतो की या दोघींवर एकाच वेळी पसरेल असं धुकं कोणतं? एकच कार्ड? एकच स्विच? एकच बोर्ड? दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट फायबर घेतली, पण दोन्ही नाशिक रस्त्याच्या कडेच्या एकाच चरातून आली, तर जेसीबीच्या एका दातात दोन्ही जातात.

टोयोटाचंच दुसरं उदाहरण इथे जास्त बोलकं आहे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी पुन्हा त्यांचे १४ कारखाने थांबले. या वेळी हल्ला नव्हता. पार्टसच्या ऑर्डर हाताळणाऱ्या सर्व्हरवर देखभालीच्या कामानंतर डिस्कची जागा संपली. पर्यायी सर्व्हर होता. पण तो त्याच यंत्रणेवर चालत होता, त्यामुळे तोही तसाच अडकला आणि काम त्याच्याकडे वळवताच आलं नाही, हे कंपनीनं स्वतः जाहीर केलं. वेळेवर पुरवठ्याची पद्धत ज्यांनी जगाला शिकवली त्यांच्याकडे हे घडलं. दोन असणं आणि दोन वेगळे असणं यातलं अंतर इतकं महाग आहे.

आणखी एक धुकं डोळ्यांना दिसत नाही, ते कॉन्फिगरेशनमध्ये असतं. एकाच केबलमधून अनेक नेटवर्क वेगळी ठेवून नेण्यासाठी व्हीलॅन वापरतात: ऑफिसचं वेगळं, शॉपफ्लोरचं वेगळं, कॅमेऱ्यांचं वेगळं. कोणत्या पोर्टवरून कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे याची यादी प्रत्येक खऱ्या स्विचवर लिहिलेली असते. एका ठिकाणी बारकोडसाठी नवा व्हीलॅन आला. तो पहिल्या स्विचवर लिहिला, दुसऱ्यावर लिहायचा राहिला. आठ महिने कुणाला काही जाणवलं नाही, कारण बारकोडचं मशीन पहिल्या केबलवरून चालत होतं. ज्या दिवशी पहिला स्विच दुरुस्तीसाठी बंद केला त्या दिवशी बाकी सगळं टिकलं आणि बारकोड तेवढं गायब झालं. दोन तास आम्ही स्कॅनर तपासत बसलो होतो. ती यादी माझ्याच हातची होती. तेव्हापासून दोन्ही स्विचच्या याद्या शेजारी ठेवून ओळीनं जुळवल्याशिवाय मी कुठलंही काम पूर्ण झालं म्हणत नाही.

दुप्पट वेगाच्या मागणीकडे येतो. दोन केबल म्हणजे रुंद रस्ता, ही समजूत सर्वत्र आहे, आणि तिच्यापायी चांगल्या मांडण्या बिघडवल्या जातात. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हर्च्युअल स्विचची मूळ पद्धत साधी आहे: प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ज्या आतल्या पोर्टला जोडलेलं असतं त्यावरून त्याला एक अपलिंक नेमून दिली जाते. वीस मशीन दोन केबलवर वाटली जातात. पण एका मशीनला एका वेळी एकच केबल मिळते. कुणाला हे पुरेसं वाटत नाही, म्हणून तो ‘आयपी हॅश’ निवडतो. त्या पद्धतीसाठी समोरच्या खऱ्या स्विचवरही ते दोन पोर्ट एकत्र बांधावे लागतात. ते न बांधता नुसता आतला पर्याय बदलला की समोरच्या स्विचला एकच मशीन क्षणात या पोर्टवर तर क्षणात त्या पोर्टवर दिसू लागतं. मग कधी चालतं, कधी नाही, आणि असलं अर्धवट दुखणं शोधणं हे पूर्ण बंद पडण्यापेक्षा कठीण. एलएसीपी या प्रोटोकॉलनं दोन्ही टोकं ही बांधणी आपापसात ठरवून घेतात हे खरं, पण साध्या व्हर्च्युअल स्विचवर ती सोय नाही. त्यासाठी वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. आणि इतकं करूनही एका संभाषणाला एकच केबल मिळते.

वेगाच्या या हव्यासातला खरा धोका वेगळाच आहे. दोन्ही केबल सत्तर-सत्तर टक्के भरून वाहत असतील तर एक गेल्यावर दुसरीवर १४० टक्के बोजा येईल. तो ती कसा पेलणार? एक सर्किट फुटलेल्या ब्रेकनं गाडी थांबली पाहिजे, हाच तर मुद्दा होता. दुसरी केबल वापरा, जरूर वापरा, पण दोघींची बेरीज एकीला झेपेल इतकीच वापरा. ज्याला खरोखर जास्त वेग हवा आहे त्यानं जास्त वेगाच्या दोन केबल घ्याव्यात.

जुन्या मंडळींची एक भीती असते, आणि ती अनुभवातून आलेली आहे. कुणीतरी चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं एका स्विचमध्ये घातली आणि सगळा कारखाना ठप्प झाला, हे प्रत्येकानं एकदा पाहिलेलं असतं. म्हणून दोन अपलिंक म्हटलं की ‘लूप होईल’ असं उत्तर येतं. व्हर्च्युअल स्विच एका अपलिंकवरून आत आलेली माहिती दुसऱ्या अपलिंकवरून बाहेर सोडतच नाही. वाड्याला दोन दरवाजे असले तरी रस्त्यावरची वर्दळ एका दारानं शिरून दुसऱ्यानं निघत नाही, कारण चौकातून आरपार जायला मुभाच नाही. तिथे लूप बनत नाही. आणि खऱ्या स्विचमधल्या लूपवर रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्रीचा उपाय शोधला तो याचसाठी, की जादा वाटा ठेवता याव्यात. चाळीस वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आज दुसरी केबल न लावण्याचं कारण कसं होऊ शकतो?

त्याच स्पॅनिंग ट्रीचा एक काटा मात्र ठाऊक हवा, कारण तो दुरुस्ती झाल्यावर टोचतो. बंद पडलेला स्विच परत चालू झाला की पोर्टचा दिवा लगेच लागतो, पण जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री त्या पोर्टला १५ सेकंद ऐकत आणि १५ सेकंद शिकत ठेवतं. व्हर्च्युअल स्विच दिवा बघून वाहतूक लगेच परत वळवतो, आणि ती अर्धा मिनिट भिंतीवर आदळत राहते. पहिला झटका लीलया झेललेली यंत्रणा बरं होताना पडते. सर्व्हरकडच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही थांबण्याची पायरी वगळणारं सेटिंग, लावणं, किंवा आपोआप परत फिरण्याचा पर्याय बंद ठेवणं, एवढाच उपाय आहे. दोन ओळींचं काम. पण ते कुणी करायचं, हे ठरवायला आधी या गोष्टीला काम मानावं लागतं.

हिरव्या दिव्यावरचा विश्वास हा याच कुटुंबातला. आपोआप बदल होण्यासाठी व्हर्च्युअल स्विचला आधी कळलं पाहिजे की वाट बंद आहे. मूळ सेटिंगमध्ये तो फक्त आपल्या दारापुढचा दिवा बघतो. रॅकमधला स्विच चालू आहे, दिवा हिरवा आहे, पण त्या स्विचची पुढे मुख्य स्विचला जाणारी केबल तुटली आहे: हे त्याला कधीच कळत नाही. तो शांतपणे सगळी माहिती त्या बंद गल्लीत पाठवत राहतो आणि शेजारची चांगली केबल रिकामी बसते. ‘बीकन प्रोबिंग’ नावाचा पर्याय यासाठी आहे, त्यात अपलिंक एकमेकींना हाका मारून बघतात. पण दोनच असतील आणि हाक ऐकू आली नाही तर बिघाड कुणाकडे हे ठरत नाही. त्याला तीन लागतात. नाहीतर रॅकमधल्या स्विचलाच सांगून ठेवावं लागतं की तुझी पुढची वाट गेली तर खालचे पोर्टही बंद कर, म्हणजे दिवा खरं बोलेल. हे किती ठिकाणी केलेलं असतं? मी तपासलेल्या रॅकमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या.

‘ते व्हीएमवेअरवाल्यांचं, आम्ही आता बदलतोय’ हेही ऐकतो. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर लायसन्सची बिलं बघून कितीजण दुसरीकडे वळले. जरूर वळा. हायपर-व्हीमध्ये २०१६पासून स्विचमध्येच टीमिंग आहे, प्रॉक्समॉक्सवर लिनक्सचं बाँडिंग आहे आणि त्यात एक चालू, एक राखीव असा सरळ पर्याय आहे. नाव कोणतंही घ्या, दोन कार्डं, दोन स्विच, दोन वीजवाटा आणि दोन जुळणाऱ्या याद्या यांतून सुटका नाही. आणि यातल्या कशालाही वेगळं लायसन्स लागत नाही. व्हीएमवेअरच्या साध्या स्विचवरही दोन अपलिंक जोडायला जादा पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो एका स्विचचा, एका कार्डाचा आणि डोकं लावण्याचा.

आता त्या वाक्याकडे, ज्याला मी सर्वांत धोकादायक मानतो: ‘चालू आहे, हात लावू नका.’

दोन अपलिंक नीट मांडल्या की पहिली केबल तुटते तेव्हा काहीच घडत नाही. लेबल निघत राहतात, गाड्या सुटत राहतात, कुणाचा फोन येत नाही. मांडणी यशस्वी झाली म्हणूनच बिघाड लपला. त्या क्षणापासून कारखाना पुन्हा एका केबलवर आहे आणि आपण दोनवर आहोत या भरवशावर सगळे झोपले आहेत. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा इथल्या ४०० केव्हीच्या एका सर्किटवर देखभालीचं काम चालू होतं, सगळा भार दुसऱ्यावर होता, आणि ते दुसरं पडलं. दुसरी वाट वापरात आली की ती दुसरी राहत नाही, ती एकमेव होते. म्हणून ब्रेकला लाल दिवा असतो. व्हीसेंटरमध्ये, म्हणजे व्हीएमवेअरच्या देखरेखीच्या पडद्यावर, अपलिंकची दुसरी वाट हरवल्याचा अलार्म तयारच दिलेला असतो. तो कुणाच्या तरी मोबाईलपर्यंत पोचवायचा असतो एवढंच. मी अशा ठिकाणी गेलो आहे जिथे तो अलार्म पाच महिने पडद्यावर लाल होता, आणि पडदा बघायला कुणी नव्हतं.

आणि ओढून बघितल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. कोणता कारखानदार न दाबलेला ब्रेक पास करून पुढे पाठवील? व्हीलॅनची राहिलेली ओळ, चुकीच्या भोकात गेलेली केबल, न लावलेला पोर्टफास्ट, यातलं काहीही दिव्यावरून दिसत नाही. केबल ओढली की दिसतं. ‘ओढल्यावर बंद पडलं तर?’ असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: बंद पडणारच असेल तर ते कधी पडावं? तुम्ही रॅकसमोर, हातात केबल घेऊन उभे असताना, की पावणेतीन वाजता? हात न लावण्याचा सल्ला देणारा माणूस बिघाड टाळत नाही. तो बिघाडाची वेळ निवडायचा हक्क सोडून देतो. आपल्या पट्ट्याला तर यासाठी वारसुद्धा मिळालेला आहे. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी असते, महावितरण आपली देखभाल त्याच दिवशी करतं, प्रेसचे डाय त्याच दिवशी उतरवून बघितले जातात, डीजी सेट चालवून बघितला जातो. कंप्रेसरला गुरुवार आहे, क्रेनला आहे, अग्निशमनाच्या पंपालाही आहे. ज्या पेटीमागून सगळा कारखाना बोलतो तिलाच का नाही?

त्यामुळे खरेदीच्या टेबलावरच्या साहेबांना आणि त्यांना तो सल्ला देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना माझी मागणी स्पष्ट आहे. ती ओळ कापू नका. आणि ती मंजूर करून गप्पही बसू नका. काम घेणाऱ्याकडून केबल ओढून दाखवल्याशिवाय त्याच्या बिलावर सही करू नका. एका स्विचचा प्लग काढायला लावा. वीस मशीन दिसतात का ते एकेक करून मोजा. मग तो प्लग परत लावून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. मग दुसऱ्याचा काढा.

मी सांभाळतो त्या ठिकाणी हे तीन महिन्यांतून एकदा, गुरुवारी सकाळी नऊला होतं. आयटीचा पोरगा रॅकमागे बसतो, मी स्टोअरमध्ये बारकोडचा स्कॅनर हातात घेऊन उभा राहतो. फोनवर तो म्हणतो, ‘काढली.’ मी एक बिन स्कॅन करतो. पडद्यावर पार्ट नंबर येतो. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, कोणती केबल आणि दोघांच्या सह्या होतात, आणि तो दुसऱ्या केबलकडे वळतो.